रिमोटच्या गाडीला सोलर चार्जिंग: पॅनल टपावर नको, बाल्कनीत हवं

नेरूळहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी आठवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला स्वतःची रिमोटची गाडी सोलरवर चालवून दाखवायची आहे. ६ व्होल्ट, १ वॅटचं पॅनल आणून टपावर डबल टेपने चिकटवलं, त्याच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीला जोडल्या आणि गाडी दिवसभर खिडकीत ठेवली. संध्याकाळी गाडी जेमतेम पाच मिनिटं पळाली आणि बसली. मोठं पॅनल घ्यावं का, मध्ये काही सर्किट लागतं का, आणि चार्जर कायमचा बाद करता येईल का, असं विचारलंय.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये बॅटरी पॅक बांधायचं आणि चार्जर दुरुस्त करायचं काम करतो. इमर्जन्सी लाइट, फवारणीचे पंप, खेळण्यांचे पॅक हे सगळं टेबलावर येत असतं. तुमच्या मुलीचा प्रयोग जमण्यासारखा आहे आणि खर्चही फार नाही. फक्त पॅनलची जागा बदलावी लागेल, आणि मोठ्या पॅनलपेक्षा जास्त व्होल्टेजचं पॅनल लागेल. का, ते नीट सांगतो, म्हणजे परीक्षकांनी विचारलं तर तिलाही उत्तर देता येईल.

आधी गाडी किती खाते आणि ऊन किती देतं ते बघू. भर दुपारी, आभाळ स्वच्छ असताना, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. तुमचं १ वॅटचं पॅनल साधारण ११ सेंटिमीटर बाय ६ सेंटिमीटर असणार. म्हणजे त्याच्यावर साडेसहा वॅटच्या आसपास ऊन पडतं आणि त्यातून १ वॅट वीज निघते. पॅनल खराब नाही, या आकारात एवढंच मिळतं. शिवाय हा १ वॅट कारखान्यातल्या चाचणीचा, पॅनलचं तापमान २५ अंश असतानाचा. आपल्याकडे उन्हात ठेवलेलं पॅनल ६० अंशांवर सहज जातं. त्यात ते टपावर आडवं झोपलेलं. प्रत्यक्षात ०.६ ते ०.७ वॅट धरा.

आता गाडी. ४.८ व्होल्टच्या पॅकवर चालणारी मध्यम आकाराची खेळण्यातली गाडी सपाट जमिनीवर पळताना एक ते दीड अँपियर घेते, म्हणजे पाच ते सात वॅट. सुरू होताना किंवा भिंतीला अडकल्यावर त्याच्या कितीतरी पट. बॅटरीत घातलेली सगळी वीज परतही मिळत नाही. निकेलच्या सेलमध्ये १०० घातले तर ७० हाती लागतात. सगळं जमेला धरलं तर एक मिनिट गाडी पळवायला बारा-पंधरा मिनिटांचं चांगलं ऊन लागतं. पागोळीखाली बादली लावून ठेवावी आणि भरल्यावर एका दमात रिकामी करावी, तसा हा व्यवहार आहे. पॅनल टपावर ठेवून उन्हात गाडी चालवली, तर अर्ध्या तासाच्या खेळात फार तर दोन-तीन मिनिटांची भर पडेल.

मुलीला एक खरं उदाहरण सांगा. ४ जुलै १९९७ला मंगळावर उतरलेली सोजर्नर ही नासाची गाडी सौर पॅनलवर चालायची आणि तिला हुकूम पृथ्वीवरून जायचे. तिच्या पाठीवर ०.२२ चौरस मीटरचं पॅनल होतं, मंगळावरच्या भर उन्हात सुमारे १६ वॅट देणारं. म्हणजे तुमच्या पॅनलच्या तीसपट मोठं. आणि तिचा जास्तीत जास्त वेग होता सेकंदाला एक सेंटिमीटर. टपावरच्या पॅनलवर गाडी चालते, पण अशी चालते. आपल्या मुलांना हवा असतो पळणारा वेग, म्हणून वीज आधी साठवावी लागते, आणि साठवताना पॅनल गाडीवर असायची काहीच गरज नसते.

पण एवढ्या हिशेबाने तुमच्या पाच मिनिटांचा उलगडा होत नाही. दिवसभराच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटांचा खेळ तरी व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण व्होल्टेज पुरलं नाही. जुळणी करणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

पॅकवर ४.८ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून ६ व्होल्टचं पॅनल भरपूर झालं असं वाटतं. ४.८ म्हणजे १.२ व्होल्टचे चार सेल. पण निकेल कॅडमियम किंवा निकेल मेटल हायड्राइडचा सेल चार्ज होताना १.२वर थांबत नाही, भरत आला की १.४ ते १.५पर्यंत चढतो. चार सेलचे झाले ५.६ ते ६ व्होल्ट. रात्री बॅटरीची वीज पॅनलमधून उलटी झिरपू नये म्हणून मध्ये डायोड घालायचा असतो, तो आणखी ०.३ व्होल्ट खातो. म्हणजे पॅनलकडून सव्वासहाच्या आसपास हवेत. आणि पॅनल तापलं की त्याचं व्होल्टेज उतरतं, दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के. ६५ अंशांवर तुमचं ६ व्होल्टचं पॅनल सव्वापाचपर्यंत खाली आलेलं असतं. रिकाम्या बॅटरीत सुरुवातीला थोडा करंट जातो, बॅटरी जरा वर आली की दोन्हींचं व्होल्टेज बरोबरीला येतं आणि करंट आटतो. ऊन कितीही कडक असलं तरी पुढे भरत नाही. उलट कडक उन्हात पॅनल जास्त तापतं.

म्हणून मोठं पॅनल घेऊन उपयोग नाही. ६ व्होल्टचंच ३ वॅटचं घेतलंत तरी ते त्याच उंचीला अडकेल. तुमच्याकडे एक आहेच, तसंच दुसरं घ्या आणि दोन्ही सिरीजमध्ये जोडा: एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला. पॅरलल जोडू नका, त्याने करंट दुप्पट होतो पण व्होल्टेज तिथेच राहतं. नवीनच घ्यायचं असेल तर ९ व्होल्टचं, १ ते दीड वॅटचं एक पॅनल पुरे. मध्ये १एन५८१९ हा डायोड, त्याच्यावरची पांढरी पट्टी बॅटरीच्या प्लसकडे. नेहमीचा १एन४००७ घालू नका, तो ०.७ व्होल्ट गिळतो आणि या खेळात प्रत्येक दशांश मोलाचा आहे. ठाणे स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे मिळतं, नाहीतर लॅमिंग्टन रोड आहेच.

या पॅकला वेगळं चार्जिंग सर्किट लागत नाही, आणि त्यालाही कारण आहे. निकेलचा सेल त्याच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट बराच वेळ निमूट सोसतो. ७०० मिलिअँपिअर-तासाचा पॅक असेल तर ७० मिलिअँपिअर. तुमचं पॅनल प्रत्यक्षात सव्वाशे-दीडशे देईल, पण ते काही तासच, आणि पूर्ण रिकामा पॅक भरायला हजाराच्या आसपास मिलिअँपिअर-तास आत घालावे लागतात. रिकामा पॅक एका दिवसात गरजेपेक्षा जास्त भरेल एवढी वीजच येत नाही. अर्धा भरलेला पॅक मात्र दिवसभर लावून ठेवू नका, आणि पॅक हाताला गरम लागला की काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं मी तुमचा पॅक निकेलचा आहे असं धरून सांगितलं. तुम्ही बॅटरीचा प्रकार लिहिलेला नाही आणि पूर्ण उत्तर त्याच्यावर ठरतं. गाडीच्या पोटातला स्क्रू काढून पॅकच्या आवरणावर काय लिहिलंय ते वाचा. ४.८ किंवा ६ व्होल्ट आणि निकेल कॅडमियम असं असेल तर वरचं चालेल. पण ३.७ किंवा ७.४ व्होल्ट लिहिलं असेल तर तो लिथियम आयन आहे, आणि मग पॅनलच्या वायरी आत्ताच्या आत्ता सोडवा. अलीकडच्या यूएसबी वायरने चार्ज होणाऱ्या गाड्यांत बहुधा हेच सेल असतात. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला थांबवावाच लागतो. ६ व्होल्टचं पॅनल काही जोडलेलं नसताना ७ व्होल्टपर्यंत जातं, ते स्वतःहून थांबणार नाही. पॅकमध्ये संरक्षणाची छोटी पट्टी असेल तर ती वाचवेल, पण स्वस्त खेळण्यात ती असेलच याचा भरवसा धरू नका. जास्त भरलेला लिथियम सेल फुगतो आणि पेटूही शकतो. घरात मूल आहे, त्यामुळे इथे मी काहीही सूट देणार नाही.

३.७ व्होल्टचा एकच सेल असेल तर तुमचं सध्याचं ६ व्होल्टचं पॅनल चालेल, पण मध्ये चार्जिंगचं मोड्यूल, म्हणजे तयार मिळणारं छोटं सर्किट, हवं. सीएन३०६५ या चिपचं मोड्यूल सोलरसाठीच केलेलं आहे, ऊन कमी झालं की ते स्वतःचा करंट कमी करतं. सगळीकडे मिळणारं टीपी४०५६चं मोड्यूलही चालतं. मूळ ते यूएसबीच्या ५ व्होल्टसाठी असलं तरी त्या चिपची मर्यादा ८ व्होल्टची आहे, त्यामुळे ६ व्होल्टचं पॅनल बसतं, ९ व्होल्टचं अजिबात नाही. घेताना संरक्षणासह असलेलं, म्हणजे आउट प्लस आणि आउट मायनस असे वेगळे पॅड असलेलं मोड्यूल घ्या. पण गाडीची मोटर त्या आउटवर चालवायचा मोह टाळा. मोटर सुरू होताना करंट एकदम उसळतो, मोड्यूलला शॉर्ट झाल्यासारखं वाटतं आणि ते पुरवठा तोडतं. गाडी धक्का खाऊन थांबते आणि सगळे रिमोटमध्ये बिघाड शोधत बसतात. मोड्यूल चार्जिंगपुरतं बाहेर ठेवा.

७.४ व्होल्टचा, म्हणजे दोन सेलचा पॅक असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका. दोन्ही सेल सारखे भरावे लागतात आणि ते काम गाडीबरोबर आलेल्या चार्जरचंच आहे. तिथे पॅनलने पॉवर बँक भरा आणि पॉवर बँकेवरून गाडीचा यूएसबी चार्जर लावा. वाटेत एक तृतीयांश वीज वाया जाते, पण घरात सुरक्षित राहील असा हाच मार्ग आहे. त्याला ५ व्होल्टचं यूएसबी आउटपुट असलेलं १० वॅटच्या आसपासचं पॅनल लागेल. काही पॉवर बँका ढग आला की थांबतात आणि ऊन परत आलं तरी आपोआप सुरू होत नाहीत, त्यामुळे अधूनमधून डोकावून बघावं लागतं.

पॅनल टपावर का नको, याचं आणखी एक कारण उष्णतेचं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, निकेलचा सेलही गरम झाला की नीट भरत नाही. एप्रिल-मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या गाडीला हात लावून बघा. त्याच बंद पोटात, पॅनलच्या बरोबर खाली, तुम्ही बॅटरी ठेवली होती. पॅनलला ऊन हवं, बॅटरीला सावली हवी. एका गाडीत दोन्ही बसवता येत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: पॅनल बाल्कनीच्या ग्रिलला, तिथून दीड-दोन मीटर वायर आत, आणि बॅटरी खोलीतल्या फरशीवर, पडद्यापासून आणि गादीपासून लांब. दुसरा एक पॅक विकत घ्या. एक गाडीत, एक पॅनलच्या वायरीला. चार्जर बाद करायची तुमची इच्छा त्याने बरीचशी पुरी होते. पावसाळ्यात मात्र होत नाही. ढगाळ दिवशी पॅनल कडक उन्हाच्या दहा ते वीस टक्केच देतं, तेव्हा जून ते सप्टेंबर चार्जर हाताशी असू द्या.

बाल्कनीचं तोंड कुठे, यावर खूप काही ठरतं आणि आपल्याकडे त्यात एक गंमत आहे. नेरूळ साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर येतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्या मधल्या काळाच्या दोन्ही टोकांना एकेक शून्य सावली दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच) येतो, मुलीने शाळेत ऐकलंच असेल. त्यामुळे मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन पडतच नाही, वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं अडवतो. डिसेंबरमध्ये मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४७-४८ अंशांवर असतो आणि त्याच बाल्कनीत ऊन पार आतपर्यंत येतं. शिवाय हवा गार, पॅनल कमी तापतं. प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत असेल आणि बाल्कनी दक्षिणेला असेल तर याहून चांगला काळ नाही. पूर्वेची बाल्कनी असेल तर दहा-अकरापर्यंत आणि पश्चिमेची असेल तर दुपारनंतर ऊन मिळेल. दोन्हीकडे पॅनल आडवं न ठेवता सूर्याकडे कललेलं बांधा. सोसायटीची गच्ची उघडी मिळत असेल तर प्रश्नच मिटला: पॅनल दक्षिणेकडे तोंड करून २० अंशांच्या आसपास कलतं ठेवायचं.

खिडकीच्या काचेआड ठेवू नका. साधी काच दहा-पंधरा टक्के ऊन खाते, नव्या इमारतींतली रंगीत किंवा आरशासारखी काच निम्म्याहून जास्त. आणि ग्रिलची सावली! ६ व्होल्टच्या पॅनलमध्ये साधारण १२ सेल एकामागे एक जोडलेले असतात. ग्रिलच्या एका गजाची दोन बोटं रुंद सावली त्यातल्या एका सेलवर आडवी पडली, तरी पूर्ण रांगेचा करंट त्या एका सेलच्या हिशेबाने खाली येतो. पॅनलचा बाकी सगळा भाग उन्हात चमकत असतो, त्यामुळे डोळ्यांना काहीच चुकलेलं दिसत नाही. तुमच्याही खिडकीत हे घडत असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणून पॅनल ग्रिलच्या बाहेरच्या अंगाला बांधा, चारही कोपऱ्यांना, आणि खाली कोणाच्या डोक्यावर पडणार नाही याची खात्री करून.

ही तपासणी मुलीकडूनच करून घ्या, प्रदर्शनातलं खरं काम तेच ठरेल. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. लाल प्रोब १० अँपियरच्या भोकात, चकती १० अँपियर डीसीवर, आणि पॅनलच्या वायरी बॅटरीपासून सोडवून थेट मीटरला. पॅनल असं शॉर्ट केल्याने बिघडत नाही आणि येणारा आकडा उन्हाच्या जोराच्या प्रमाणात असतो, म्हणजे पॅनल हेच तिचं ऊन मोजायचं यंत्र झालं. तुमच्या पॅनलवर कडक उन्हात ०.१५ ते ०.१८ अँपियर दिसायला हवं. मग एका सेलवर व्हिजिटिंग कार्ड धरायचं आणि आकडा कोसळताना बघायचा. काचेआड, काचेबाहेर, आडवं, कलतं, सकाळी आठला, दुपारी बाराला, असं वहीत लिहीत जायचं. काम झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत घालायला शिकवा. तो तसाच राहिला आणि पुढे कोणी बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलं, तर बॅटरी मीटरमधूनच शॉर्ट होते.

जोडणीत दोन गोष्टी सांभाळा. पॅनलच्या मागचे पॅड नाजूक असतात, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने झटपट टाका मारा आणि वायर ओढली जाऊ नये म्हणून वर ग्लू गनचा थेंब सोडा. आणि खेळण्यांच्या पॅकच्या दोन पिनी कनेक्टरमध्ये लाल वायर म्हणजे प्लस असं गृहीत धरू नका, प्रत्येक वेळी मीटरने बघा. बाकी पॅनल ओल्या फडक्याने पुसत राहा. बांधकामाची धूळ आपल्याकडे कुठेही बसते.

परीक्षकांसमोर टपावर पॅनल हवंच असा तिचा हट्ट असेल, तर त्यासाठी वेगळी छोटी गाडी करा: हलकी चौकट, सोलरसाठीची कमी करंटची मोटर, बॅटरी नाही, रिमोट नाही, पॅनलवरून थेट मोटर. उन्हात धरली की चालते, सावलीत थांबते. तिच्या शेजारी बाल्कनीत चार्ज केलेली रिमोटची गाडी आणि वहीतले आकडे ठेवले, की कोणती वीज लगेच वापरली आणि कोणती साठवली हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. रिमोटच्या गाडीत बॅटरी काढून नुसतं पॅनल लावलं तर चालणार नाही, मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर बंद पडतो.

पुढचं सांगायला मला तीन गोष्टी हव्यात: पॅकवर लिहिलेलं व्होल्टेज आणि प्रकार, बाल्कनीचं तोंड कोणत्या दिशेला, आणि दुपारी बारा वाजता ग्रिलबाहेर धरलेल्या पॅनलचा मीटरवरचा आकडा. पॅकचा प्रकार कळेपर्यंत पॅनल बॅटरीला जोडू नका.